गाडी कधी तापते?

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांत पारगाव नावाची एकाहून अधिक गावं आहेत. कागदोपत्री घोटाळा नको म्हणून एकाला ‘पारगाव तर्फे आळे’ म्हणतात, तर दुसऱ्याला ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’. पहिलं जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याच्या बाजूला. दुसरं आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना याच गावच्या शिवारात आहे. दोन्हीकडे ऊस, कांदा आणि तरकारी. दोन्हीकडे अंगणात उभी असते ती पंधरा-वीस वर्षं जुनी डिझेल गाडी.

या गाड्यांचं मूळही फार लांबचं नाही. टाटा सुमो १९९४ साली पुण्यातून बाहेर पडली आणि सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन गावोगाव गेली. महिंद्राची बोलेरो २००० साली आली. ती तयार होते नाशिकला, म्हणजे पारगावकर ज्या पुणे–नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगावला जातात त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करची क्वालिस आली आणि २००५ मध्ये बंद झाली, तरी लग्नसराईत ती अजून दिसते. या घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. त्यापुढे पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा आणि पंख्यापुढे रेडिएटर. एप्रिल-मे आला की याच दोन भागांवरून गॅरेजात वाद सुरू होतात.

तक्रार एका ओळीची असते: ‘गाडी हिट होते.’ मिस्त्री टोपण उघडतो, पाणी बघतो आणि रेडिएटर चोक झालाय असं सांगतो. रेडिएटर बदलला जातो. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा तापते. रेडिएटर खरोखरच खराब असेल, पण तो एकटाच खराब नसेल, ही शक्यता तपासायची राहून गेलेली असते. ती तपासायला महागडं यंत्र लागत नाही. मालकाने एका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं तर निम्मं निदान तिथेच होतं: गाडी कधी तापते?

विहिरीवरचं इंजिन, गाडीतलं इंजिन

शिवारात वीज पोचण्याआधी इथल्या विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडत. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली स्थापन झाली आणि तिची इंजिनं महाराष्ट्रभरच्या शेतात पोचली. पाणी उपसणारं इंजिन थंड ठेवणं सोपं असे. उपसलेल्या पाण्यातला थोडा हिस्सा इंजिनाभोवतीच्या पोकळीतून फिरवायचा आणि गरम झालेलं पाणी पाटात सोडून द्यायचं. विहिरीत पाणी आहे तोवर गारव्याला तोटा नाही.

गाडीला विहीर बरोबर नेता येत नाही. आठ-दहा लिटर पाण्यावरच तिला दिवस काढायचा असतो. इंजिनातून उष्णता घेऊन आलेलं पाणी ती उष्णता कुठेतरी टाकून परत यायला हवं. रेडिएटर ही ती टाकण्याची जागा. तिथून ती उचलून नेण्याचं काम वाऱ्याचं.

ही उष्णता किती असते? डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्याच्या वाट्याला येतो. साठ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोर लावून चढ चढत असेल तर पाण्याला सुमारे चाळीस किलोवॉट उष्णता सतत वाहून न्यावी लागते. ही वाहतूक काही मिनिटं थांबली तरी काटा लाल पट्टीकडे सरकतो.

पाण्याची फेरी अशी: वॉटर पंप पाणी इंजिनात ढकलतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते, त्यामुळे पाणी आतल्या आतच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ अंशांना थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतं. तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना ते गार होतं आणि खालच्या पाइपाने परत पंपाकडे जातं.

रेडिएटरचं टोपण या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर तीनशे मीटर उंचीला हा आकडा साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे घाटमाथ्याच्या या प्रदेशात पाणी शंभराच्या आधीच उकळणार. टोपणातली स्प्रिंग आत सुमारे ०.९ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. निम्मं कुलंट घातलेलं असेल तर सव्वाशेच्या पुढे. टोपणाचं रबर झिजलं की ही सगळी सवलत संपते आणि निरोगी गाडीही घाटात वाफ सोडते.

गरम गाडीचं टोपण उघडू नये, याचं कारणही हेच. आत ११० अंशांचं पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. टोपण फिरवताच दाब जातो, पाण्याचा काही भाग त्या क्षणी वाफ होतो आणि उरलेलं उकळतं पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर फेकतो. हातावर फडकं घेतल्याने हात वाचेल, चेहरा वाचणार नाही.

रेडिएटर कसा मरतो

सुरुवातीच्या मोटारी पाणी उकळवून वाफ हवेत सोडत आणि वाटेत पुन्हा पाणी भरत. विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी यातून वाट काढली. त्याच्या रेडिएटरमध्ये सहा मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या जोडलेल्या होत्या. वाऱ्याला भिडणारं क्षेत्रफळ एवढं वाढलं की नऊ लिटर पाणी पुरलं. मंद वेगात वारा कमी पडू नये म्हणून त्याने मागे पंखाही ठेवला होता. रेडिएटर आणि पंखा ही जोडी अशी सव्वाशे वर्षांची आहे.

आपल्याकडच्या जुन्या जीप, ट्रक आणि ट्रॅक्टरांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. ते जड, पण दुरुस्तीला सोयीचे. नळी फुटली तर रेडिएटरवाला डाग देई. नळ्या तुंबल्या तर वरची टाकी डाग काढून उघडी, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून क्षार खरवडी आणि टाकी परत बसवी. याला रॉडिंग म्हणतात. नंतरच्या गाड्यांत अल्युमिनियमची जाळी आणि तिला दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या. हा रेडिएटर हलका आणि स्वस्त. पण वर्षानुवर्षं तापून-निवून प्लास्टिक कडक होतं, त्याला तडा जातो किंवा ते अल्युमिनियमच्या कडेपाशी झिरपू लागतं. त्यावर एम-सील थापून गाडी घरी आणता येते, हंगाम काढता येत नाही. त्याला डाग देता येत नाही; तो बदलायचाच असतो.

गळती डोळ्यांना दिसते. तुंबणं दिसत नाही आणि आपल्या भागात ते बोअरच्या पाण्यापासून सुरू होतं. खडकाच्या फटींतून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की तोच थर नळ्यांच्या आत चढतो. हा थर धातूपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता अडवतो. वर नळी अरुंद होते ते वेगळंच. त्यात इंजिनाच्या बिडातला गंज मिसळला की तपकिरी चिखल होतो आणि तो नळ्यांच्या तळाशी जाऊन बसतो.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना माहीत आहे. तो काही वेळा लागूही पडतो, कारण हळदीचे कण फुगतात आणि गळतीच्या फटीत अडकतात. पण फट कुठली आणि नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. आधीच क्षाराने अरुंद झालेल्या नळ्याही ती बुजवते. रात्री आडरानात अडकलात तर हळद टाकून घरी या. घरी आल्यावर मात्र सगळं पाणी काढून आतली यंत्रणा धुऊन घ्या.

बाहेरून तुंबणंही तितकंच खरं. गळिताच्या हंगामात उसाचं पाचट आणि भुसा, कांद्याच्या दिवसांत पातळ टरफलं, वर्षभर पाणंदीची धूळ; हे सगळं वाऱ्याबरोबर येऊन जाळीच्या पातळ पत्र्यांत बसतं. एसी असलेल्या गाडीत रेडिएटरपुढे एसीची जाळी असते आणि दोन जाळ्यांमध्ये साठलेला कचरा समोरून दिसतच नाही. तो काढायला पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं आणि हलक्या दाबाने मारायचं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ते पत्रे आडवे होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

फॅन क्लच: न दिसणारा कामगार

ट्रॅक्टरचा पंखा पुलीला थेट जोडलेला असतो. इंजिन जितकं फिरेल त्या प्रमाणात पंखा. ट्रॅक्टरला हे चालतं, कारण तो वेगात धावत नाही. गाडीला हायवेवर समोरून भरपूर वारा मिळत असतो आणि नेमका तेव्हाच असा पंखा सर्वांत जोरात फिरत बसतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे गरज नसताना तो कित्येक अश्वशक्ती खातो आणि वर कानठळ्या बसवतो.

फॅन क्लच ही गरज ओळखणारी जोडणी. बाहेरून ती पंख्याच्या मधोमध बसवलेली, उभ्या पत्र्यांची अल्युमिनियमची जाड चकती दिसते. आत दोन भाग असतात. एक पुलीबरोबर फिरतो, दुसऱ्याला पंखा जोडलेला असतो. दोघांवर गोल खाचा असतात आणि त्या एकमेकींत अगदी जवळून बसतात, पण टेकत नाहीत. मधल्या चिंचोळ्या जागेत सिलिकॉन तेल आलं की पुलीकडचा भाग पंख्याकडच्या भागाला ओढून नेतो. हे तेल पाण्याच्या हजारो पट दाट असतं. काकवीत बुडवलेला चमचा फिरवला की सगळं भांडंच फिरू लागतं, तशी ही ओढ. शिवाय तापलं तरी सिलिकॉन तेल इतर तेलांइतकं पातळ होत नाही, म्हणून तेच निवडलेलं असतं.

तेल आत सोडायचं की नाही, हे ठरवते चकतीच्या पुढच्या बाजूची छोटी गुंडाळी. ती दोन वेगवेगळ्या धातूंच्या चिकटवलेल्या पट्टीची असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, गुंडाळी वळते आणि आतली झडप उघडते. राखीव कप्प्यातलं तेल खाचांमध्ये येतं आणि पंखा पुलीच्या वेगाच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत फिरू लागतो. हवा निवली की झडप मिटते, फिरण्याच्या जोराने तेल कडेला फेकलं जाऊन राखीव कप्प्यात परततं आणि पंखा पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या वेगावर येतो. या सगळ्यात वायर नाही, सेन्सर नाही, फ्यूज नाही.

म्हणूनच तो बिघडला की गाडी काही सांगत नाही. दिवा लागत नाही, तेल जमिनीवर सांडत नाही, आणि पंखा तर फिरताना दिसतोच. मिस्त्री बॉनेट उघडून पाहतो आणि पंखा चालू आहे म्हणतो. प्रश्न तो फिरतो का, हा नसून गरज पडल्यावर जोर धरतो का, हा आहे.

बिघाडाच्या तऱ्हा तीन. पहिली, तेल संपणं: बेअरिंगच्या सीलमधून ते हळूहळू झिरपतं, त्यावर धूळ चिकटते आणि चकतीवर मधून बाहेर पसरत गेलेले काळे ओघळ दिसतात. दुसरी, गुंडाळी चिखलाने जाम होणं किंवा बेअरिंग झिजणं. बेअरिंग झिजल्यास इंजिन बंद असताना पात्याचं टोक पुढे-मागे हलवून पाहिलं की खेळ जाणवतो. तिसरी, क्लच कायमचा अडकून बसणं. मग पंखा सतत गरजतो, गाडी तापत नाही, पण ॲव्हरेज आणि पिकअप पडतात.

घरच्या घरी करण्याजोगी तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड आणि बंद, चावी काढलेली. पंखा हाताने फिरवून सोडा. त्याने थोडा विरोध करत लगेच थांबायला हवं. मोकळा सुटून दोन-चार गिरक्या घेतल्या तर आतलं तेल गेलं. गाडी चांगली तापवून बंद केल्यावर हीच तपासणी केली तर विरोध वाढलेला जाणवायला हवा. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर एखादं मिनिट पंख्याचा घोंगाट येतो आणि मग शांत होतो, हे चांगलं लक्षण. रात्रभरात खाचांमध्ये उतरलेलं तेल परत जागेवर जात असतं. चालत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी किंवा काठी घालून जोर बघण्याची पद्धत मात्र सोडून द्या. तुटलेलं पातं कुणाकडे जाईल याचा नेम नसतो.

एक दुसऱ्याला बिघडवतो

फॅन क्लच अशक्त झाला की गाडी मंद वेगात तापते आणि टोपणातून थोडं पाणी बाहेर टाकते. मालक वाटेत मिळेल ते पाणी भरतो. कुलंट पातळ होत जातं, क्षार वाढत जातात. वर्षभरात हंड्यामागून हंडे ओतले की रेडिएटर आतून भरतो. म्हणजे क्लचच्या आजाराने रेडिएटर मारलेला असतो.

उलटही घडतं. रेडिएटर थोडा तुंबला की मागची हवा अधिक गरम येते, क्लच वारंवार पकड घेतो आणि कमतरता भरून काढतो. मालकाला फक्त पंख्याचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. क्लच जास्त राबून लवकर झिजतो. बेअरिंग फारच सैल झालं तर पात्याचं टोक रेडिएटरच्या जाळीला जाऊन लागतं आणि एका फटक्यात दोन्ही भाग कामातून जातात.

तिसरी गंमत निदानाला चकवणारी आहे. क्लचची गुंडाळी इंजिनाचं तापमान मोजत नाही, समोरून येणाऱ्या हवेचं मोजते. रेडिएटर जवळजवळ पूर्ण तुंबला, किंवा पाणी इतकं कमी झालं की जाळीत गरम पाणी पोचतच नाही, तर जाळीतून येणारी हवा गारच राहते. इंजिन उकळत असतं आणि निरोगी क्लच शांत बसलेला असतो, कारण त्याच्यापर्यंत बातमीच गेलेली नसते. अशा वेळी क्लच बदलून काही होत नाही. म्हणून एकाचा निकाल लावण्याआधी दुसऱ्याची तपासणी करावीच लागते.

रस्ता काय सांगतो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पुणे–नाशिक हायवेवर मोकळ्या रस्त्याला ताशी ऐंशीच्या वेगाने जाताना वारा समोरून आपोआप येतो. पंख्याची फारशी गरज नसते. तिथे, सपाटीवर, गाडी तापत असेल तर वाऱ्यावर संशय घेऊ नका. पाणी फिरत नाही किंवा जाळी उष्णता टाकत नाही. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि खालचा पाइप तपासा. या पाइपात आतून स्प्रिंग असते. ती गंजून गेली असेल तर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो आणि पाणी अडतं.

गाडी हायवेवर छान चालते, पण कारखान्यापुढे उसाच्या बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या गर्दीत, बाजार समितीच्या फाटकावर किंवा माळशेज घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापते? तिथे समोरचा वारा नाही आणि पंख्यावरच सारी भिस्त आहे. आधी फॅन क्लच, त्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं बघा. हे कडं तुटलेलं असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच तीच हवा भोवती फिरवत बसतो.

दोन्हीकडे तापत असेल तर दोन्ही भाग संशयित. आणि थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच होज दगडासारखे कडक होत असतील, टोपणाच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, धूर पांढरा असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट उडालेलं असू शकतं. तिथे नवा रेडिएटर घालणं म्हणजे पैसे वाया. आधी हेड तपासून घ्या.

वाटेतच काटा चढला तर एसी बंद करा आणि केबिनचा हीटर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात हा उपाय जाचक वाटेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. सावलीला थांबा. पाणी असेल आणि पट्टा शाबूत असेल तर इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहील. पट्टा तुटला असेल किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतू नका. बिडाला तडा जाऊ शकतो.

बदलताना

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून कुलंट टबात धरा. ते अंगणात किंवा गटारात सोडू नका. बहुतेक कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू किंवा लहान मूल ते चाटू शकतं आणि थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंड निकामी करतं.

वरचा-खालचा होज आणि राखीव पाण्याच्या डब्याकडे जाणारी बारीक नळी काढा, मग पंख्याचं कडं सोडवा. फॅन क्लच दोन तऱ्हांनी बसवलेला असतो. एका तऱ्हेत तो पुलीवर चार नटांनी बसतो. ते नट पट्टा ताणलेला असतानाच सैल करा, नाहीतर पुली पान्याबरोबर फिरत राहील. दुसऱ्या तऱ्हेत मधोमध एक मोठा नट असतो. पंख्याच्या ओढीने हा नट आवळत जावा, अशा बेताने त्याचे आटे कापलेले असतात, म्हणून काही मॉडेलांत ते उलटे असतात. आपल्या गाडीचे आटे कुठल्या दिशेचे, हे माहीत करून घेतल्याशिवाय हातोडा उचलू नका. क्लच आणि कडं निघालं की रेडिएटर सरळ वर उचलता येतो. एसीच्या पाइपांना हात लावू नका.

नवा रेडिएटर घेताना जुना बरोबर न्या. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एकाच गाडीचे दोन-तीन जाडीचे रेडिएटर समोर येतात. जाळीची जाडी, पाइपांच्या तोंडांचा व्यास, टोपणाच्या गळ्याची उंची आणि खालच्या रबरी बुशांचं अंतर जुळवून घ्या. फॅन क्लच दुकानात आणि घरी उभाच ठेवा. आडवा ठेवला तर तेल चुकीच्या जागी उतरतं. पंखा क्लचवर बसवताना उलटा बसणार नाही याकडे लक्ष द्या. उलटी पाती हवा कमी ओढतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

नवा रेडिएटर चढवण्याआधी इंजिन धुणं टाळू नका. थर्मोस्टॅट काढून, दोन्ही होजच्या तोंडांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते फिरवा. नाहीतर आतला सगळा गंज नव्या नळ्यांत जाऊन बसेल. याच वेळी होज, क्लिपा, पट्टा, थर्मोस्टॅट आणि टोपणही नवं घाला. वॉटर पंपाचा दांडा हलवून बघा. खेळ असेल तर तोही आत्ताच बदला, कारण नंतर हे सगळं पुन्हा उघडावं लागेल.

दोन जुगाडांना इथेच नकार द्या. पहिला, ‘आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही.’ पौष-माघात जुन्नरची पहाट अनुभवलेल्याने तरी हे ऐकू नये. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन थंडच धावत राहतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाटही बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, म्हणजे ज्या हेतूने काढला त्याच्या उलट घडतं. दुसरा जुगाड, बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून ‘फॅन डायरेक्ट’ करणं. अडलेल्या ठिकाणाहून घरी येण्यापुरता तो ठीक. कायमचा ठेवला तर जास्त वेगावर प्लास्टिकची पाती तडकू शकतात, पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो आणि डिझेलचं बिल वाढतं.

कुलंट भरताना डबा वाचा. काही कुलंट तयार मिळतं, काहींत तेवढंच पाणी मिसळायचं असतं. पाणी बोअरचं नको. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या. वेगवेगळ्या जातींची कुलंटं एकत्र करू नका. आतली गंजरोधक रसायनं एकमेकांना निकामी करू शकतात. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर गरमवर सोडा, टोपण उघडं ठेवून थंड गाडी सुरू करा आणि होज दाबत हवा काढा. वरचा होज अचानक गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. पातळी पूर्ण करा, टोपण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीत, पातळी पुन्हा बघा. उरलेली हवा निघून ती थोडी उतरलेली असते.

चाचणी कुठे घ्यायची

काम झालं की मिस्त्री गाडी हायवेला काढतो, दहा किलोमीटर दामटतो, काटा मध्यावर दाखवतो आणि चावी हातात देतो. ही चाचणी खोटी नाही, अर्धी आहे. वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याने तिने फक्त रेडिएटर तपासला. जुना, मेलेला फॅन क्लच तसाच ठेवला असता तरी याच चाचणीत गाडी पास झाली असती आणि पहिल्या भरलेल्या फेरीला, वजनकाट्याच्या रांगेत, मालकाला ते कळलं असतं.

उरलेली अर्धी चाचणी मालकाने स्वतः घ्यावी, दुपारच्या उन्हात. गाडीत माल भरा, एसी असेल तर लावा आणि चढाच्या वाटेने कमी गिअरात, सावकाश न्या. चढ नसेल तर गाडी उभी ठेवून इंजिन थोड्या वाढीव वेगावर वीसेक मिनिटं चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर सरकायला हवा, मग पंख्याचा आवाज एकदम भरून यायला हवा आणि काही मिनिटांत काटा परत जागेवर. काटा चढत राहिला आणि आवाज आलाच नाही, तर पंखा अजून काम करत नाही. आवाज आला आणि तरी काटा उतरला नाही, तर पाण्याच्या बाजूला काहीतरी राहिलं आहे. आवाज येऊन काटा उतरला की मिस्त्रीचे पैसे चुकते करायला हरकत नाही.